खडीला काना

मेच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या गल्लीत अकराव्या दिवशी नळाला पाणी आलं, आणि त्याच दिवशी माझ्या नावावर पुण्याहून मासे धरायची काठी आली.

पार्सल घेऊन आलेला पोरगा बीडचा. लांबलचक खोकं त्यानं मोटारसायकलला आडवं बांधून आणलेलं. मांजरसुंब्याच्या घाटात दोन ट्रकवाल्यांनी त्याला शिव्या घातल्या होत्या आणि त्याचा राग अजून चेहऱ्यावर ताजा होता. सही घेता घेता तो म्हणाला, “काका, हाय काय ह्यात?”

“गळ.”

“कशाचा?”

“मासे धरायचा.”

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग नळापासून मारुतीच्या पारापर्यंत लागलेल्या घागरींच्या रांगेकडं पाहिलं. मग खोक्यावरचा पत्ता मोठ्यानं वाचला, “मुक्काम पोस्ट चौसाळा, तालुका जिल्हा बीड. बरोबर हाय ना?”

पत्ता बरोबर होता. चूक झालीच असेल तर ती माझ्या आईवडिलांच्या लग्नात झाली होती, आणि तिची दुरुस्ती आता कुरिअरवाल्याच्या हातात नव्हती.

काठी धाडली भाच्यानं. माझ्या बासष्टाव्या वाढदिवसाची भेट. मागच्या दिवाळीत जेवणं झाल्यावर मी लहानपणी खाडीवर मासे कसे धरायचो, हे नेहमीचं पुराण लावलं होतं. तो मोबाइलमध्ये बोटं घालून बसला होता, मला वाटलं ऐकत नाही. ही पिढी ऐकत नाही हा आपला गैरसमज आहे. ती ऐकते आणि ऐकता ऐकता ऑर्डर टाकते.

खोकं उघडलं. काळी कुळकुळीत, कार्बनची काठी. छत्रीच्या दांड्यासारखी एकात एक बसणारी. ओढत गेलं की लांबत जाते. मी ओसरीवर उभं राहून ओढत गेलो, तर तिचं टोक दारातून बाहेर, अंगण ओलांडून, शेजारच्या तात्यांच्या तुळशीपर्यंत गेलं. तात्या म्हणाले, “अँटिना परत सुरू झाला का काय?” काठीला खाली एक चकरी. शिलाई मशीनच्या बॉबिनचा थोरला भाऊ शोभावा अशी. सोबत डबीत बारा गळ, आणि आमिष म्हणून हिरव्या चमकीचा रबरी मासा. मासा दाखवून मासा धरायचा, ही रीत मला जरा निवडणुकीतली वाटली.

फेकून बघावं म्हणून फेकला, तर पहिल्याच फटक्यात दोरीवर वाळत घातलेलं बायकोचं लुगडं लागलं. चांगलं नऊ वार. एवढा मोठा मासा मला त्यानंतर लागलेला नाही. बायको जे बोलली ते इथं देत नाही, कारण लेख विनोदी व्हावा अशी माझी इच्छा आहे.

खाटेवर बसलेली आई मात्र म्हणाली, “गरी काय रे ती? बघू.”

आई पंच्याऐंशीची आहे. डोळ्यांनी कमी दिसतं. तिनं लुगड्यातून गळ अलगद सोडवला, एक दोरा तुटला नाही. मग गळाच्या टोकाजवळचं ते उलटं कुसळ असतं ना, लागलेला मासा सुटू नये म्हणून, त्याच्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं. “बोथट आहे,” म्हणाली. “कानशीवर घास.” साठ वर्षं चौसाळ्यात काढलेल्या बाईनं हे सांगितलं. इथं कानशीवर विळे घासतात, खुरपी घासतात. गरी घासायला सांगणारी ती गावातली पहिली आणि बहुधा शेवटची.

आईचं माहेर रत्नागिरीजवळ, भाट्याच्या खाडीवर. काजळी नदी समुद्राला मिळताना रुंदावते तीच ही खाडी. वडील चौसाळ्याचे. ही सोयरीक जुळली त्याला जबाबदार महाराष्ट्राचा इतिहास आहे. 1956 साली मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आला, 1960 साली महाराष्ट्र झाला, आणि त्यानंतर एका सरकारी कचेरीला आमच्या वडिलांना रत्नागिरीत टाकायची बुद्धी झाली. संयुक्त महाराष्ट्र झाला नसता तर मी झालो नसतो. लढ्यातल्या पुढाऱ्यांनी हा मुद्दा कधी विचारात घेतलेला दिसत नाही. वडिलांनी दोन वर्षांत लग्न उरकलं, बदली मागून घेतली, आणि खाडीकाठची मुलगी बालाघाटाच्या माळावर आणून ठेवली.

ज्यांना चौसाळा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. धुळे-सोलापूर हमरस्त्यानं बीडहून सोलापूरकडं निघालं की पालीपाशी बिंदुसरेचा तलाव लागतो. तो नीट बघून घ्यावा, कारण पुढं पाणी दिसेलच याची खात्री नाही. मग घाट, मांजरसुंबा, आणि त्यापुढं आम्ही. पावसाळ्यात जवळच कपिलधारचा धबधबा पडतो आणि माणसं लोटतात. तिकडं मन्मथस्वामींची समाधीही आहे, पण खरं सांगायचं तर निम्मी माणसं पाणी वरून खाली पडताना कसं दिसतं ते बघायला येतात. बीड जिल्ह्याचा वर्षाचा पाऊस साडेसहाशे-सातशे मिलिमीटरच्या आसपास. रत्नागिरीत तीन हजारांच्या वर. आईनं लग्नात नेमकं काय सोडलं, याचा हिशेब या दोन आकड्यांत आहे.

त्यामुळं आम्हा भावंडांच्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या आजोळी, खाडीवर. पत्र्याची ट्रंक, साडेचारशेच्या आसपास किलोमीटर, बदलत बदलत एसट्या, आणि शेवटी आंबा घाट, जिथं आमच्यातला एक जण दरवर्षी न चुकता खिडकीतून ओकायचा. नाव सांगत नाही, तो आता सरपंचकीला उभा राहणार आहे.

1973 चा उन्हाळा मला पक्का आठवतो, आणि तो आठवायला कारण माझी निबंधाची वही. आदल्या वर्षी पाऊस पडला नव्हता. बाहत्तरचा दुष्काळ. आमच्याकडं अजूनही माणसाचं वय विचारलं तर तो ‘बाहत्तरला मी एवढा होतो’ असं हातानं दाखवतो. गावातलं प्रत्येक घर दुष्काळी कामावर होतं, म्हणजे खडी फोडायला. बाया, म्हातारे, शाळा सुटलेली पोरं, सगळी रस्त्याच्या कडेला हातोडी घेऊन बसलेली. खायला सुकडी आणि अमेरिकेतून आलेली लाल मिलो. तिची भाकरी थापताना तुटायची आणि खाताना तुटायची नाही. आणि त्या वर्षी मी, कारकुनाचा मुलगा, दीड महिना आजोळी मासे धरत होतो.

जूनमध्ये शाळा भरली. गुरुजींनी निबंध घातला, ‘मी सुट्टीत काय केले’. मी पहिलंच वाक्य लिहिलं, ‘या सुट्टीत मी खाडीवर गेलो होतो.’ वही परत आली तेव्हा ‘खा’चा काना लाल शाईनं खोडलेला होता. समासात शेरा, ‘शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे’. आणि खाली ‘खडी’ हा शब्द पाच वेळा लिहून आणायची शिक्षा.

गुरुजींचं काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. वर्गातल्या सगळ्या पोरांनी त्या सुट्टीत खडीवर गेलो होतो असंच लिहिलं होतं. पुढं मी लिहिलं होतं, ‘तिथे खूप मजा आली. मामा मला पहाटे उठवून न्यायचे. आम्ही दिवसभर गप्प बसून राहायचो. संध्याकाळी टोपली भरायची.’ आता खाडीचा काना काढून वाचा. ‘खडीवर गप्प बसून राहायचो’ याखाली गुरुजींनी ‘कामचुकारपणा वाईट’ असंही लिहिलं होतं.

पाच वेळा खडी लिहिली. तेव्हापासून माझ्या डोक्यात दोन्ही गावं एकाच शब्दाची झाली आहेत. काना दिला की आजोळ, काढला की घर.

तर ती खाडी. मामा पहाटे उठवायचा. हातात गरी, म्हणजे काठी-बिठी नाही, नुसती दोरी, एका लाकडी तुकड्याला गुंडाळलेली, टोकाला शिसं आणि गळ. करवंटीत कोळंबीचे तुकडे. कांदळाच्या मुळांमधून चिखल तुडवत ठरलेल्या खडकापर्यंत जायचं आणि बसायचं. गरवायला जाणं हा तिथला शब्द. माझ्या पायाखालून काहीतरी टुणकन उडायचं. मी पहिल्यांदा किंचाळलो तर मामा म्हणाला, “निवटी ती. मासाच आहे.” चिखलावर चालणारा मासा! मला वाटलं, हा आमच्याकडं यायला निघालेला असणार.

गरवण्यातली माझी अडचण एकच होती, माझा आवाज. चौसाळ्यात दोन माणसं मांडीला मांडी लावून बसली तरी मध्ये एक रान असल्यासारखी बोलतात. मी हळू म्हणून विचारलेलं “मामा, लागलं का?” पलीकडच्या राजिवड्याच्या बंदरावर ऐकू जायचं. मामा दात चावून म्हणायचा, “गप रहा मेल्या! माशाला कान असतात.” मी शोधायचो. एकाही बोयीला मला बाहेरून कान दिसला नाही. पण मी गप्प बसायला शिकलो ते तिथंच. दोरी तर्जनीवर अडकवून ठेवायची. आधी येतात त्या लाटा. मग येतो तो खेकडा, कुर्ली, आमिष कुरतडणारी. तिची ओढ सावकाराच्या तगाद्यासारखी, थोडी थोडी पण सतत. आणि मग मधेच एकदा बोटाला नुसता ठोका बसतो. टक्. तेव्हा ओढायचं नाही. दुसरा ठोका बसला की ओढायचं. मी आयुष्यभर पहिल्याच ठोक्याला ओढत आलो. नोकरीत, शेतीत, भाऊबंदकीत, सगळीकडं. मामा तीन तांबोश्या काढायचा तोवर माझ्याकडं एक शिंगाळा असायचा आणि त्याचा काटा माझ्या हातात.

एकदा मामा वर टेकडीकडं हात करून म्हणाला, “तिथे थिबा राजाचा वाडा.” ब्रह्मदेशाचा राजा. इंग्रजांनी 1885 साली गादीवरून उतरवला, रत्नागिरीत आणून ठेवला, 1910 साली वाडा बांधून दिला, 1916 साली तो इथंच वारला. त्या बाजूच्या टेकडीवरून सबंध खाडी दिसते. मी विचारलं, राजा दिवसभर काय करायचा? मामा बराच वेळ दोरीकडं बघत राहिला आणि म्हणाला, “गरवायला सोडला असता, तर राज्य विसरला असता.”

आणि भरती. खाडीकाठच्या पोरांना तिचं काही नसतं, आपल्याला सूर्य उगवल्याचं काय असतं? मी मात्र खडकावर बसून पाणी येताना बघायचो आणि माझा विश्वास बसायचा नाही. कुणी मागितलं नाही, मोर्चा नाही, निवेदन नाही, आणि पाणी आपल्या पायांनी चालत येतंय! ते येताना आवाजसुद्धा करत नाही. मघा कोरडी असलेली दगडाची खोबण जरा नजर वळवली की भरलेली असते. मामाला ओहोटी म्हणायची सवय नव्हती, तो सुकती म्हणायचा. भरती-सुकती. सुकती हा शब्द आमच्याकडंही नेला तर चालला असता, आमच्याकडं भरतीलाच शब्द लागत नव्हता.

भरतीची वेळ काढायची तिथली रीत अशी, की तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, तीन वाजता पाणी पूर्ण भरणार. अष्टमीला आठ पाऊण सहा. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आगेमागे, आणि त्या दिवसांत उधाण. आता पावकी, निमकी, पाऊणकी हे आमच्या शाळेत छडीच्या धाकानं पाठ करून घेत. कशासाठी, हे गुरुजींनाही ठाऊक नसावं. ज्या गावात पाऊण शेर काही घ्यायची ऐपत नव्हती तिथं पाऊणकी! पण आजोळी मी घडाघडा पाऊणकी म्हणून भरतीची वेळ सांगितली तेव्हा आजोबांनी चष्मा काढून माझ्याकडं बघितलं आणि मामाला म्हणाले, “बघ, दुष्काळातला पोरगा.” भरती सांगायची विद्या त्या खाडीपासून साडेचारशे किलोमीटर लांब शिकवली जात होती. मामाला मात्र पाऊणकी येत नव्हती. तो कांदळाच्या मुळावरचा ओला पट्टा बघून वेळ सांगायचा, आणि माझ्यापेक्षा बरोबर सांगायचा.

जूनमध्ये परत आलो की पारावर माझं व्याख्यान. एकदा मी म्हणालो, तिथं दिवसातून दोनदा पाणी येतं आणि दोनदा जातं.

“कोन सोडायलंय?” एका म्हाताऱ्या आबांनी विचारलं.

“कुणी नाही. आपोआप येतं.”

“आपोआप कसं येईल लेकरा? गेट कुठाय?”

“गेट नसतं आबा. चंद्रामुळं येतं.”

“चंद्र म्हंजी पाटकरी हाय का तिथला?”

“आभाळातला चंद्र! त्याच्यामुळं येतं. पण रोज पन्नास मिनिटं उशिरा येतं.”

“मंग सरकारीच हाय,” आबा म्हणाले आणि त्यांची खात्री पटली.

मी सांगून टाकलं की ते पाणी खारट असतं, पिता येत नाही, पिकाला देता येत नाही. पार एकदम गप्प झाला. तंबाखू मळणारे हात थांबले. बऱ्याच वेळानं आबांनी विचारलं, “मंग येतं कामून?”

या प्रश्नाला माझ्याजवळ तेव्हा उत्तर नव्हतं. मामाला पत्र लिहून विचारलं तर त्यानं उत्तरात सुकट पाठवली.

चौसाळ्यात मासे धरायचे तर कुठं? आमच्या दक्षिणेला मांजरा. ती पाटोदा तालुक्यात गवळवाडीजवळ, इथंच बालाघाटात उगम पावते आणि सातशेवर किलोमीटर जाऊन गोदावरीला मिळते. आमच्या बाजूनं जाते तेव्हा ती अजून लहान असते, घरातून पळून निघालेल्या पोरीसारखी, थांबत नाही. तिचं पुढं धनेगावला धरण झालं, त्याचं पाणी लातूर पितं. तेही 2016 साली आटलं, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. पहिली गाडी 10 वाघिणींची, सुमारे 5 लाख लिटर. ती बातमी टीव्हीवर लागली तेव्हा आई म्हणाली, “आली बाई भरती.”

राहिला गावाजवळचा पाझर तलाव. तो बाहत्तरच्याच कामातला. म्हणजे ज्या खडीवर सगळं गाव बसलं होतं, त्याच दिवसांत त्याच हातांनी माती टाकून झालेला. पुढं चांगला पाऊस झाला आणि तो भरला. भोई आळीतला माझा एक वर्गमित्र होता, त्यानं मला गोड्या पाण्याचं शिक्षण दिलं. काठी निर्गुडीची, कारण तुराटी मोडते. गळ टाचणी तापवून वाकवलेला. तरंगायला ज्वारीच्या वाळक्या धाटाचा सोललेला बोटभर तुकडा. आतला गाभा पांढरा असतो, लांबूनही दिसतो, आणि मासा लागला की टुपकन खाली जातो. आमिषाला गांडूळ. गांडूळ मिळायला ओल लागते, आणि गावात ओल एकाच ठिकाणी, नळाखाली. तिथं बायका उभ्या. त्यांच्या पायांशी खुरपं घेऊन बसणं हा मासेमारीतला सगळ्यात धोक्याचा भाग होता.

त्यानं मला माशांची घरं दाखवली. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. वाड्यात थोरली, मधली आणि धाकटी पाती राहते तसे. एकमेकांच्या स्वयंपाकघरात जायचं नाही. पण त्याचं खरं प्रेम मरळीवर. मरळ वर येऊन हवा घेते, पाणी आटत गेलं तरी चिखलात दडून पावसाची वाट बघते. “ही आपल्याकडची,” तो म्हणायचा. खरं होतं. ऊसतोडीला न गेलेलं गावात तेवढंच कुणी उरलेलं असायचं. आणि चिलापी. ही मूळची आफ्रिकेची, 1952 साली भारतात आणली. मादी पिलांना तोंडात घेऊन फिरते, त्यामुळं त्या दिवसांत ती खातही नाही आणि बोलतही नाही. आता चिलापी कोणत्याही डबक्यात सापडते. तात्या म्हणतात, पाव्हणी आली आणि सातबारा करून बसली.

धरलेले मासे घरी न्यायचे कसे, हा वेगळा अध्याय. आमची आजी, वडिलांची आई, माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, दर महिन्याची एकादशी, वर्षाची पंढरी. आई तिच्या घरात खाडीच्या काठावरून आलेली. आजी वाईट नव्हती. तिनं एकच वाक्य म्हटलं होतं, लग्न झाल्यावर पहिल्या आठवड्यात, “देवाचा पयला अवतारच मासा हाय, बाय. कढईत कसा घालावा?” आईनं उत्तर दिलं नाही. अंगणाच्या कोपऱ्यात, बाभळीखाली, तीन दगड मांडले आणि एक भगुनं वेगळं ठेवलं. ती तिची खाडी. तिथं बाजाराच्या दिवशी बोंबील भाजायचे, सोड्यांचं कालवण व्हायचं. वास उठला की गल्लीतली सगळी मांजरं आमच्या कुंपणावर ओळीनं, कीर्तनाला बसल्यासारखी. आजी घरातून मोठ्यानं हरिपाठ म्हणायची. जितका वास जास्त तितका हरिपाठ मोठा. मी तलावातून दोन मळे मासे आणले तर आजी न बघता म्हणायची, “पाय धू. आन् ते पलीकडून ने.” कधी आडकाठी नाही. आजी गेली त्या वर्षी आईनं वर्षभर ते तीन दगड पेटवले नाहीत. का, ते मी विचारलं नाही.

असो. काठीकडं येतो.

जून कोरडा गेला, ऑगस्ट बरा, आणि सप्टेंबरात परतीच्या पावसानं तलाव निम्म्याच्या वर भरला. मी रोज सकाळी चहा झाला की काठी घेऊन निघायचो. सगळं गाव मला विचारायचं, “निघालाव का?” आणि परत येताना, “लागलं का?” हे दोन प्रश्न मी महिनाभर ऐकले. रबरी माशाकडं आमच्या तलावातल्या एकाही माशानं ढुंकून बघितलं नाही. त्यांनी आयुष्यात असा हिरवा चमकता मासा पाहिलेलाच नसावा. मग कणकेचा गोळा लावला. तो सुटून जायचा. मग गांडूळ. आता नळाखाली सिमेंट केलंय, गांडूळ नाही. बीडहून गांडूळखताची पिशवी आणली आणि त्यातून दोन निवडली, बाकी कढीपत्त्याला घातली. कढीपत्ता फार छान आलाय.

पण मला एक शोध लागला. गळ टाकून बसायला पाणी लागतं, हे खरं, मात्र फार लागत नाही. लागते ती न येणाऱ्या गोष्टीकडं बघत बसायची सवय. ती आमच्याकडं खाडीवाल्यांपेक्षा दांडगी. मामाला सहा तासांनी भरतीची खात्री होती, तो चार तासांत कंटाळून चिडायचा. माझ्या शेजारी येऊन बसणारे म्हातारे दोन दोन तास पाण्यावर तरंगणाऱ्या धाटाच्या तुकड्याकडं बघत बसायचे, हालचाल नाही, तक्रार नाही. त्यांच्यातल्या एकाला मी विचारलं, कंटाळा येत नाही का? तो म्हणाला, “पीकविम्याची वाट बगायलोय तीन साल झालं. हे तर दिसतंय तरी समोर.”

फेब्रुवारीत तलाव खाली गेला. टंचाई जाहीर झाली की तलावातून मोटर लावायला बंदी येते, म्हणून मोटरी दिवसा दिसत नाहीत. पाणी मात्र रोज वीतभर सरकायचं. एका सकाळी मी गळ टाकला, चकरी फिरवली आणि काठी एकदम वाकली. अशी वाकली की माझ्या छातीत धडधडलं. ठोका नाही, कुरतडणं नाही, नुसता जडपणा. मी दुसऱ्या ठोक्याची वाट बघितली. बासष्ट वर्षांत पहिल्यांदा बघितली. मग ओढलं. दोरा ताणला, सुटेना. म्हातारे उठून उभे राहिले. एक म्हणाला, “मरळ असंल, दांडगी.” दुसरा म्हणाला, “सोडू नगा आन्ना.” मी मागं रेलत रेलत ओढत होतो आणि पाण्यातून हळूहळू काळं, जाड, गोल असं काहीतरी वर आलं.

पाइप होता. त्याच्या टोकाला जाळीचा फूटव्हॉल्व्ह, आणि त्या जाळीत माझा गळ.

हरभऱ्याच्या रानातून एक माणूस धोतर सावरत पळत आला. भाच्यानंच पाठवलेली टोपी माझ्या डोक्यावर होती, डोळ्यांवर काळा चष्मा आणि हातात चार मीटरची काळी काठी. त्यानं लांबूनच हात जोडले. “सायेब, आजच टाकली बगा. पाच एचपीचीच हाय. पोटासाठी टाकली.”

मी काठी खाली केली. तो जवळ आला, नीट बघितलं. “आरं, तुमी व्हय आन्ना! म्या म्हनलं मोजमापाचं मशीन आलं.”

आम्ही दोघांनी मिळून गळ सोडवला. जाळीची तार वाकली होती, ती त्यानं दातानं सरळ केली. मी कुणाला सांगणार नाही, असं मी म्हणालो. त्यावर त्याला बरं वाटलं की वाईट ते कळलं नाही, कारण तोवर दोन्ही म्हातारे गावाच्या दिशेनं बरेच पुढं गेले होते. त्याच्या बादलीत चार चिलाप्या होत्या, सकाळी डबक्यात हातानंच धरलेल्या. त्यानं तीन काढून मला दिल्या. मी नको म्हटलं. तो म्हणाला, “ऱ्हाऊ द्या. गळाला लागल्या म्हना.”

घरी आलो तर बाभळीखाली आई. आता चुलीचे दगड तेच, भगुनं नवं. तिनं चिलाप्या हातात घेतल्या, शेपटीकडून डोक्याकडं नख फिरवत खवले काढायला लागली. डोळे आभाळाकडं, बोटं माशावर. मांजरं आलीच.

“गरीला लागल्या?” तिनं विचारलं.

“हो,” मी म्हणालो.

तिनं माशाचा जबडा बोटानं चाचपला. गळाचं भोक नव्हतं. ती काही बोलली नाही.

थोड्या वेळानं म्हणाली, “पाणी कसं होतं? भरती की सुकती?”

“सुकती. पाच एचपीची.”

“आणि भरती कधी?”

मी मनात पाऊणकी धरायला गेलो. मग म्हणालो, “मृगात.”

“लांब आहे,” आई म्हणाली, आणि दुसरी चिलापी उचलली.